आधी टाइलमधला पांढरा ओळखा : मेक्सिकन टाइल्सच्या बाथरूमसाठी बेसिन, काउंटर आणि रंग

अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत आम्ही घर घेतलं तेव्हा पाहुण्यांच्या बाथरूममध्ये छातीएवढ्या उंचीपर्यंत तलावेरा, म्हणजे हातानं रंगवलेल्या मेक्सिकन टाइल्स होत्या. निळी फुलं, हळदी पाकळ्या, हिरव्या वेली, मधूनमधून विटकरी ठिपका. घर दाखवणारा जरा ओशाळूनच म्हणाला, "हे सगळं काढून टाकता येईल." आम्ही नको म्हटलं. राहायला गेल्यावर पहिल्याच शनिवारी दुकानात मिळाला तो सगळ्यात शुभ्र पांढरा आणून वरची भिंत रंगवली. संध्याकाळी दिवा लावला तर टाइल्स मळकट दिसायला लागल्या. दोन तास घासल्या, काही फरक पडेना. मळ कुठे होता? भिंतच टाइलपेक्षा पांढरी झाली होती.

या टाइल्सबद्दल बोलताना सगळे रंगांचं बोलतात. निळ्याला काय शोभेल, पिवळ्याबरोबर काय जाईल, वगैरे. पण त्या रंगांमागची जी पांढरी जमीन असते, ती पांढरी नसतेच. कुठे साईसारखी, कुठे मोतिया, कुठे किंचित राखाडी. बेसिन, काउंटर आणि भिंत या तिघांचं पटायला हवं ते आधी त्या जमिनीशी. फुलांशी आपोआप पटतं, कारण फुलं त्याच जमिनीवर रंगवलेली असतात.

म्हणून क्रम उलटा करा. बहुतेक जण भिंतीच्या रंगापासून सुरुवात करतात, कारण ते स्वस्त आणि सोपं. नेमकं त्यासाठीच तो शेवटी ठेवायचा. रंगाच्या दुकानात हजारो छटा मिळतात, दगडाच्या गोदामात तुमच्या बजेटातले पाच-सहा तुकडे, आणि बेसिनचे रंग त्याहून कमी. ज्यात निवड कमी ते आधी ठरवायचं. दिवा, बेसिन, काउंटर, ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरतात ते मिश्रण) आणि मग भिंत.

टाइल कुठली, हे आधी पाहा

'मेक्सिकन टाइल' या एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि चौघींची काळजी वेगळी.

पहिली खरी तलावेरा, पुएब्ला आणि शेजारच्या त्लाश्काला राज्यातली. नाव स्पेनमधल्या तलावेरा दे ला रेना या गावावरून आलं. सोळाव्या शतकात स्पॅनिश कुंभारांबरोबर ही कला पुएब्लात पोचली आणि १६५३ साली तिथल्या कुंभारांच्या संघानं नियम घालून दिले. २०१९ मध्ये युनेस्कोनं स्पेन आणि मेक्सिको या दोन्हींकडची ही कला मिळून आपल्या वारशाच्या यादीत घेतली. पुएब्लाच्या परंपरेत रंग मोजकेच: निळा, पिवळा, हिरवा, नारिंगी, काळा आणि फिकट जांभळा. पूर्वी निळा सगळ्यात महाग, कारण तो कोबाल्टपासून बनायचा.

दुसरी, आणि अमेरिकेतल्या घरांमध्ये सर्रास दिसणारी, ग्वानाह्वातो राज्यातल्या दोलोरेस इदाल्गो गावची. हे तेच गाव, जिथून १८१० साली पाद्री मिगेल इदाल्गो यांनी मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याची हाक दिली. गावात कुंभारकामाचे कारखाने सुरू करणारेही तेच. इथली टाइल बहुधा ४ इंची चौकोनी, हातानं रंगवलेली, आणि दोन टाइल्स कधी हुबेहूब सारख्या नसतात. आमच्या बाथरूममधल्या याच.

तिसरी कॅलिफोर्नियाची. लॉस एंजेलिसकडे १९२० च्या दशकातलं घर असेल आणि बाथरूममध्ये जाड, चकचकीत, कडक रेषांची टाइल असेल तर ती कदाचित मेक्सिकोची नसेलच. मालिबू पॉटरीजसारखे कारखाने त्या काळात स्पॅनिश वळणाच्या टाइल्स बनवत. तो कारखाना १९२६ ते १९३२ एवढाच चालला, त्यामुळे आज त्या टाइल्सना संग्राहकांमध्ये मोल आहे. शंका असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय एकही टाइल उचकटू नका.

चौथी नक्षी छापलेली साधी सिरॅमिक. ओळखायला अगदी सोपी. एकाच नक्षीच्या दोन टाइल्स शेजारी धरा. पाकळीचं टोक दोन्हीकडे तंतोतंत त्याच जागी येत असेल तर छापील. तिची जमीन बहुधा खरोखर शुभ्र असते, म्हणून पुढचा बराचसा सल्ला तिला लागू नाही. तिला शुभ्र भिंतही चालते.

पहिल्या दोन प्रकारांची माती मऊ आणि पाणी पिणारी असते. एखादी सुटी टाइल मिळाली तर उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाका, तो पाहता पाहता आत शिरतो. वरची झिलई काचेसारखी, पण नाजूक. तिच्यावर केसासारख्या बारीक भेगांची जाळी पडते. तो दोष नाही, पण त्या भेगांतून डाग आत जाऊ शकतो. जुन्या झिलईत शिसं असू शकतं. भिंतीवर शांत बसलेल्या टाइलचा त्रास नाही. मात्र भोक पाडताना किंवा टाइल फोडताना धूळ उडू देऊ नका. पाणी मारत काम करा, चांगला मास्क लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा. घर १९७८ च्या आधीचं असेल तर भिंतीच्या जुन्या रंगातही शिसं असू शकतं, त्यामुळे खरवडण्याआधी तपासणी करून घ्या.

दिवा आणि कोरा कागद

आता प्रिंटरचा कोरा कागद घ्या आणि दुपारच्या उजेडात टाइलला चिकटवून धरा. कागदाशेजारी टाइलची जमीन पिवळसर दिसते, गुलाबीसर की राखाडी, ते लिहून ठेवा. तेच रात्री दिव्यात करा. उत्तर बदललं तर गोंधळू नका, बाथरूम बहुतेक वेळा दिव्यातच वापरली जाते, तेव्हा रात्रीचं उत्तर धरा.

दिवे चुकीचे असतील तर ते आधी बदला, नाहीतर पुढची सगळी निवड खोट्या उजेडात होईल. पाकिटावर दोन आकडे पाहायचे. पहिला केल्विनचा, म्हणजे उजेड पिवळसर की निळसर त्याचा: २७०० ते ३००० असावा. ४०००च्या पुढे गेलात की हळदी रंग लिंबाकडे झुकतो आणि निळा कडक होतो. ५०००ला बाथरूमचा दवाखाना होतो. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा; तो ९० किंवा जास्त घ्या. या टाइल्समधला विटकरी आणि जांभळा कमी सीआरआयच्या दिव्याखाली चक्क तपकिरी दिसतो. आमच्याकडे वीस डॉलरच्या आतल्या बल्बांनी जो फरक पडला तो नंतर कुठल्याच खर्चानं पडला नाही.

मग दारात उभं राहून डोळे अर्धवट मिटा. नक्षी विरघळते आणि रंगांचा गोळाबेरीज हिशेब उरतो. किती भाग जमीन, किती निळा, किती पिवळा? आमच्याकडे निम्म्याहून जास्त जमीन, मग निळा, मग हळदी, आणि विटकरी अगदी चवीपुरता. हा हिशेब कागदावर उतरवा, पुढे लागतो.

आणि दुकानात जाताना टाइल बरोबर न्या. पैठणीवर ब्लाउजपीस घ्यायला आपण साडीचा फोटो घेऊन जात नाही, साडी पिशवीत घालून नेतो. इथेही तसंच. सुटी टाइल नसेल तर जुन्या मालकाच्या गॅरेजमध्ये किंवा पोटमाळ्यावर शोधा, बऱ्याच घरांत उरलेल्या चार-पाच ठेवलेल्या असतात. नाहीच मिळाली तर नमुने घरी आणा, पण फोनमधल्या फोटोवर विश्वास ठेवू नका. फोन जमिनीचा पांढरा स्वतःच्या मनानं 'सुधारतो'.

बेसिन

बाजारात या बाथरूमसाठी तीन रस्ते आहेत: साधं पांढरं, रंगवलेलं तलावेरा आणि तांब्याचं. माझा कल सांगते, कारणं पुढे येतीलच. भिंतीवर टाइल्स भरपूर असतील तर साधं किंवा तांब्याचं. टाइल्स थोड्या किंवा एकरंगी असतील तरच रंगवलेलं.

साधं पोर्सिलेनचं बेसिन घेताना तोच पांढऱ्याचा सापळा पुन्हा येतो. कंपन्या शुभ्र पांढऱ्याबरोबर किंचित पिवळसर छटाही ठेवतात, कुठे त्याला बिस्किट म्हणतात, कुठे बोन. टाइलची जमीन साईसारखी असेल तर ती छटा मागवा. अडचण अशी की कमोड आणि बाथटब आधीच शुभ्र असतील तर बिस्किट बेसिन एकटं पडतं. तसं असेल तर बेसिनही शुभ्रच घ्या आणि ते टाइलला थेट भिडणार नाही असं करा. मध्ये काउंटरची चार इंच उभी पट्टी आली की डोळ्याला दोन पांढऱ्यांची तुलना करता येत नाही.

रंगवलेलं तलावेरा बेसिन पाहताक्षणी आवडतं. सॅन अँटोनिओच्या मार्केट स्क्वेअरमध्ये फिरताना मीही एकदा पाकीट उघडलं होतं, नवऱ्यानं हात धरला. नक्षीच्या भिंतीसमोर नक्षीचं बेसिन म्हणजे दोन तमाशे एकाच फडात. पण तुमच्या टाइल्स नुसत्या निळ्या किंवा नुसत्या पांढऱ्या असतील तर याच्यासारखं दुसरं काही नाही. घेणार असाल तर हे सांभाळा:

- माप कॅटलॉगमधलं धरू नका. हातानं घडवलेलं बेसिन पाव-अर्धा इंच इकडेतिकडे असतंच. बेसिन हातात आल्यावर त्याच्या कडेवरूनच काउंटरचं भोक आखायला सांगा.
- वरून बसणारं, काठाचं बेसिन घ्या. काउंटरखालून लावायचं असेल तर काठ सपाट लागतो आणि हातघडणीचा काठ क्वचितच सपाट असतो.
- जास्तीचं पाणी वाहून जाण्याचं छिद्र आहे का ते पाहा आणि त्याप्रमाणेच निचऱ्याचा भाग घ्या. छिद्र नसलेल्या बेसिनला जाळीचा, बंद न होणारा निचरा बरा, म्हणजे नळ चालू राहिला तरी बेसिन भरून वाहणार नाही.
- निचऱ्याची चकती हातानं आवळा, पान्यानं जोर लावू नका. माती मऊ आहे, तडा जातो.
- काचेची बाटली पडली तर टवका उडणारच. टूथब्रशचे जड मग आणि अत्तराच्या बाटल्या बेसिनच्या वरच्या फळीवर ठेवू नका.

तांब्याचं आम्ही घेतलं. मेक्सिकोत मिचोआकान राज्यातलं सांता क्लारा देल कोब्रे हे गाव ठोकून घडवलेल्या तांब्यासाठी प्रसिद्ध आहे. नावातच तांबं आहे. आपल्याकडच्या तांबट आळीतला ठोक्याचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना त्या बेसिनची पाठ पाहूनच काम कळेल. जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा जेवढा लहान तेवढं तांबं जाड. १६ गेज म्हणजे साधारण १.३ मिलिमीटर, १४ म्हणजे १.६. बाथरूमला १६ पुरतं. १८ पेक्षा पातळ घेऊ नका, बोटानं वाजवलं तर डब्यासारखा आवाज येतो.

तलावेराबरोबर तांबं का जमतं, तर टाइल्समधल्या विटकरी आणि हळदीशी त्याचं नातं आहे, आणि निळ्याच्या ते बरोबर समोर उभं राहतं. शिवाय ते गडद असल्यानं पांढऱ्याच्या भांडणात पडतच नाही.

पण तांबं बदलतं. पाणी, साबण आणि हवा यांनी ते तपकिरी, कुठे जांभळट होत जातं. टूथपेस्टचा ठिपका रात्रभर राहिला तर सकाळी तिथे लख्ख गुलाबी डाग असतो. तो दोन-तीन आठवड्यांत पुन्हा मिसळतो. आईनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तांबं असं काळं काय ठेवलंयस? चिंच-मीठ लाव, नाहीतर पितांबरी." लावता येते, लख्ख निघतंही. पण मग दर आठवड्याला लावावी लागेल, आणि आंबट पाणी शेजारच्या टाइलच्या झिलईवर उडेल ते वेगळंच. ठरवा एकदा: देव्हाऱ्यातल्या तांब्यासारखं लख्ख हवं की वापरातल्या तांब्यासारखं गडद. मधलं काही नाही. रोजची निगा एवढीच: सौम्य साबण, आणि नंतर कोरड्या फडक्याचा एक हात. ब्लीच अजिबात नको.

काउंटर

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, कारण काउंटर निवडताना स्लॅब एकटाच पाहिला जातो. गोदामात उभा दगड सुंदर दिसतो. बाथरूममध्ये तो नक्षीच्या पायाशी आडवा पडतो.

एकच नियम पुरे: भिंतीवर नक्षी असेल तर काउंटरवर नक्षी नको. ठिपकेदार ग्रॅनाइट, शिरांचं संगमरवरी क्वार्ट्झ, चमकणारे कण, सगळं बाद. चार फुटांवरून एकरंगी दिसणारा दगडच पाहायचा.

मग टाइलचाच काउंटर का नको? जुन्या मेक्सिकन घरांमध्ये तो असतो आणि पुएब्लातल्या सांता रोसा मठाचं स्वयंपाकघर तर भिंतीपासून छतापर्यंत टाइल्सचं आहे. पाहायला जरूर जा. पण बेसिनभोवती रोज पाणी, साबण आणि मेकअप पडतो. तो सांध्यांत आणि झिलईच्या भेगांत उतरतो. वर जड वस्तू आपटली की टवका. टाइल काउंटरमागच्या उभ्या पट्टीसाठी राखून ठेवा, तिथे ती वर्षानुवर्षं टिकते.

क्वार्ट्झ हा सगळ्यात बिनत्रासाचा पर्याय. त्यात सुमारे ९० टक्के दगडाची भुकटी आणि बाकी राळ असते, म्हणून तो पाणी पीत नाही आणि सील करावा, म्हणजे डाग अडवणारं द्रव लावावं लागत नाही. राळेमुळेच तो उष्णतेला भितो. केस सरळ करायचं यंत्र २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. ते थेट ठेवलं की पिवळा डाग पडतो आणि तो निघत नाही. शेजारी एक जाड चटई ठेवा. रंग निवडताना 'पांढरा क्वार्ट्झ द्या' म्हणू नका. टाइल समोर धरा आणि तिच्या जमिनीपेक्षा एक छटा गडद घ्या. समान पांढरा शोधत बसाल तर तो कधीच समान होणार नाही, अर्धवट जुळलेला दिसेल. एक छटा गडद घेतला की मुद्दाम घेतलाय असं वाटतं. आम्ही शेवटी ओल्या वाळूच्या रंगाचा घेतला.

सोपस्टोन, म्हणजे गडद राखाडी मऊ दगड, मला मनापासून आवडतो. आम्लाचं त्याला काही होत नाही, ओरखडा पडला तर बारीक सँडपेपरनं घासून निघतो. निळ्या टाइल्सखाली तो पावसाळी ढगासारखा बसतो. लहान, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये मात्र अंधार करतो.

काळा ग्रॅनाइट महाराष्ट्रातल्या लोकांना ओळखीचा म्हणून हात तिकडेच जातो. घ्या, पण चकचकीत नको, घासून मंद केलेला घ्या. आणि पाणी जड असेल तर तोही नको. सॅन अँटोनिओचं पाणी एडवर्ड्स अ‍ॅक्विफर या चुनखडीतल्या साठ्यातून येतं. काळ्या दगडावर दर थेंबाचा पांढरा ठसा उमटतो. तो काढायला माणूस व्हिनेगर घेतो आणि व्हिनेगर शेजारच्या टाइलला आणि तांब्याला लागतं. एका निवडीनं दुसऱ्या दोन बिघडतात त्या अशा.

मेक्सिकोतलाच दगड हवा असेल तर कांतेरा पाहा. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, गुलाबीसर किंवा पिवळसर, कोरीव खांबांसाठी वापरतात तो. दिसायला टाइल्सचा सख्खा भाऊ, पण सच्छिद्र. बाथरूममध्ये नियमित सील केला नाही तर तेलाचे डाग पितो. संगमरवर आणि ट्रॅव्हर्टिन (भोकाभोकांचा चुन्याचा दगड) यांना लिंबू, व्हिनेगर चालत नाही. लाकडात मेस्कीट हे टेक्सास-मेक्सिकोचं कठीण लाकूड टाइल्सना उबदार साथ देतं, पण बेसिनच्या कापलेल्या कडेला वॉटरप्रूफ फिनिशचे तीन-चार हात हवेत. आतली कड लोक विसरतात आणि कुजतं तिथूनच.

पैशाची एक गोष्ट. बाथरूमचा काउंटर लहान असतो, त्यामुळे पूर्ण स्लॅब घेऊ नका. दगड कापणाऱ्यांकडे मोठ्या स्वयंपाकघरांतून उरलेले तुकडे पडलेले असतात. माप घेऊन जा आणि तुकडेच दाखवा म्हणा. बरंच स्वस्तात काम होतं. फक्त कपाट बसल्यावर आणि बेसिन घरात आल्यावरच अंतिम माप घ्यायला लावा.

ग्राउट

थोडक्यात. नव्या टाइल्स लावत असाल तर ग्राउट भरण्याआधी झिलईवर सीलर फिरवा, नाहीतर रंगीत ग्राउट भेगांत कायमचं बसतं. सांधा इंचाच्या आठव्या भागाहून रुंद असेल तर वाळूचं ग्राउट लागतं, पण वाळू मऊ झिलईवर ओरखडे काढते, म्हणून पुसताना ओला स्पंज आणि हलका हात. रंग टाइलच्या जमिनीपेक्षा थोडा गडद: वाळू किंवा फिकट राखाडी. शुभ्र ग्राउटमुळे प्रत्येक टाइलभोवती चौकट उमटते आणि भिंत वहीच्या पानासारखी दिसते. जुनं ग्राउट काळवंडलं असेल तर आम्लाचा क्लीनर नको. ब्रश आणि सौम्य साबणाचं पाणी घ्या, आणि तरीही निघालं नाही तर ग्राउटचा रंग मिळतो तो वरून लावा.

आता भिंत

आता रंगाच्या दुकानात जा, पण टाइल, काउंटरचा तुकडा आणि मघाचा हिशेबाचा कागद बरोबर घेऊन. माझ्या अनुभवात तीन मार्ग चालतात.

पहिला, शांत भिंत. टाइलच्या जमिनीपेक्षा अर्धी छटा गडद, उबदार. साय, फिकट बदाम, चंदन या घराण्यातला. रंगाच्या कार्डामागे एलआरव्ही असा आकडा असतो, शून्य ते शंभर. रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. शुभ्र पांढरा ८५ च्या वर जातो. तलावेराबरोबर साधारण ६५ ते ७५ च्या मधला घ्या. मग टाइल्सची जमीन उजळ दिसते आणि मळकटपणा गायब होतो. आमच्या भिंतीवर आता हाच आहे आणि टाइल्स एकदाही घासाव्या लागल्या नाहीत.

दुसरा, टाइलमधला सगळ्यात कमी असलेला रंग उचलून त्यात भरपूर पांढरा मिसळायचा. निळा जास्त आहे म्हणून निळी भिंत केली की निळा टाइलमधून नाहीसा होतो. आमच्याकडे चवीपुरता होता तो विटकरी; पातळ करून पाहिला तर अबोलीच्या जवळचा रंग मिळाला. मैत्रिणीच्या घरी फिकट जांभळा उचलला, तिच्या टाइल्समध्ये तो फक्त पाकळ्यांच्या कडेला होता.

तिसरा मार्ग धीटांचा. मेक्सिको सिटीत कोयोआकानमधलं चित्रकार फ्रिडा काहलोचं घर बाहेरून गडद कोबाल्ट निळं आहे. लुइस बारागान या वास्तुरचनाकाराच्या १९४८ च्या घरात, जे २००४ साली युनेस्कोच्या यादीत आलं, गुलबक्षी भिंती आहेत. तो गडद गुलाबी तिथे 'रोसा मेक्सिकानो' म्हणून ओळखला जातो. पण नीट पाहा, बारागानच्या त्या भिंती कोऱ्या आहेत. त्यांच्यावर नक्षी नाही. म्हणून गडद रंग तेव्हाच करा, जेव्हा टाइल्स फक्त बेसिनमागच्या पट्टीत किंवा शॉवरच्या कोनाड्यात असतील. छातीपर्यंत नक्षी आणि वर गुलबक्षी केलंत तर दाढी करताना चक्कर येईल.

रंग ठरवण्याआधी तपासा. भिंतीवर लहान ठिपके काढू नका, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. दोन फूट बाय दोन फुटांचा पुठ्ठा घ्या, दोन हात द्या, वाळू द्या आणि टाइलच्या वरच्या काठाला टेकवून ठेवा. सकाळी, दुपारी, रात्री पाहा. खिडकीकडे आणि खिडकीच्या समोर, दोन्हीकडे फिरवा. निळ्या टाइल्स भरपूर असतील तर त्यांची निळसर झाक भिंतीवर पडते आणि राखाडीकडे झुकणारा प्रत्येक रंग थंड वाटायला लागतो. दुकानात उबदार वाटलेले दोन रंग आमच्याकडे याच कारणानं बाद झाले.

प्रकार बाथरूमसाठी असलेला, बुरशीला अटकाव करणारा घ्या. चमक सॅटिन, म्हणजे मंद. सेमी ग्लॉस जास्त धुता येतो, पण चकचकीत टाइलवर चकचकीत भिंत आली की दिवा चार ठिकाणी दिसतो. तो दारं आणि चौकटींसाठी ठेवा. छताला भिंतीचाच रंग पांढरा मिसळून निम्मा फिका करून मागा, नाहीतर वर पुन्हा शुभ्र पांढरा येऊन बसेल.

रंगवण्याआधी काळे ठिपके असतील तर बुरशीनाशक लावून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओल कुठून येते ते न शोधता वर रंग मारला तर सहा महिन्यांत ठिपके परत येतात. टाइलच्या काठावर चिकटपट्टी लावा, ती रंग ओलसर असतानाच काढा. मग प्रायमर आणि दोन हात. पहिला दिवसभर तरी गरम पाण्याची अंघोळ नको, आणि दोन आठवडे भिंत घासू नका. एग्झॉस्ट पंखा अंघोळीनंतर २० मिनिटं चालू ठेवायची सवय लावा. अमेरिकेत सर्वसाधारण मोजमाप असं की दर चौरस फुटाला मिनिटाला एक घनफूट हवा, आणि लहान बाथरूमलाही किमान ५०.

नळ, आरसा, टॉवेलची दांडी यांच्यात धातू एकच ठेवा. तांब्याच्या बेसिनला गडद ब्रॉन्झ, पांढऱ्याला साधा क्रोमही चालतो. ठोकलेल्या पत्र्याच्या चौकटीचा मेक्सिकन आरसा छान दिसतो, पण वाफेनं कडेला गंजतो. मागून वॉर्निशचा एक हात द्या.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक. पणजीच्या फोंतेन्यास भागात घरांच्या नावांच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स दिसतात, त्या अझुलेजो, याच कुळातल्या चुलतबहिणी; पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोघांनी तो शब्द अरबीतून घेतला. त्यांना वापरून बाथरूम करत असाल तर काम सोपं आहे. रंग एकच असल्यानं तिथे रंगवलेलं बेसिन चालतं, तांबं तर फारच शोभतं, आणि भिंतीला हळदी रंग देण्याची मुभा आहे.

काम संपल्यावर उरलेला रंग छोट्या बरणीत भरा. दुकानानं डब्याच्या झाकणावर चिकटवलेली रंगाच्या मिश्रणाची चिठ्ठी फोटो काढून ठेवाच, शिवाय ती, काउंटरच्या दगडाचं नाव आणि तारीख आरशामागच्या कपाटाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहा. आमच्या आधीच्या मालकानं तिथे फक्त एवढंच लिहिलं होतं: 'टाइल्स, दोलोरेस इदाल्गो, सहा जास्तीच्या गॅरेजमध्ये'. सहापैकी पाच मिळाल्या. सहावी कुठे गेली ते तांब्याचं बेसिन बसवताना कळलं. ती काउंटरखाली, पाइपाच्या भोकाभोवती कापून लावलेली होती.